कुंकू लावलेली फ्लॉपी
झेंडूचा वास आला की मला डोंबिवलीच्या आमच्या खोलीतला एक दसरा आठवतो. मेडिकलवाल्यांची बिलं करणारा दादाचा पहिला प्रोग्राम कल्याणपर्यंत सगळ्यांनी फुकट कॉपी केलेला. म्हणून नव्या प्रोग्रामला त्याने असं कुलूप घातलं, की एक ठरावीक फ्लॉपी आत सरकवल्याशिवाय तो त्यालाही उघडता येऊ नये. त्या फ्लॉपीची कॉपी होतच नव्हती, याचंच त्याला कोण कौतुक. दसऱ्याला आईने विळी, शिवणयंत्र, कॉम्प्युटर सगळं पुजलं आणि फ्लॉपीच्या उघड्या खाचेत, आतल्या काळ्या चकतीवर, ओलं हळदकुंकू टेकवलं. संध्याकाळी मशीनने ती वाचली नाही. दादाने ती पुसून पुन्हा पुन्हा आत घातली, पण प्रोग्राम काही उघडेना. मग मला हळूच म्हणाला, "आईला बोलू नकोस हां. मी नोकरी बघतो." पुढे दर दसऱ्याला तो तीच फ्लॉपी पाटावर ठेवायचा आणि आई म्हणायची, "लक्ष्मी आहे रे ती तुझी." दादा गेल्यापासून ती मी मांडते. आईला आता नीट दिसत नाही, पण तिचं बोट बरोबर त्याच खाचेत टेकतं.