मागच्या एक्सलवरचे दोन टन

कोरियातल्या दानयांगच्या बाजारात बातमी फिरली ती अशी, की ओक जोंगमानने नव्या डंपरच्या पूजेला आणलेलं डुकराचं मुंडकं, शुभ मानतात तसं, नीट हसत नव्हतं, म्हणून ऐनवेळी त्याने गाडीच घेतली नाही. मासळीवाल्या बायकांनी तर त्या मुंडक्याचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता, इथपर्यंत तपशील पुरवला. यात काडीचंही तथ्य नाही. मुंडकं जोंगमानच्या बायकोने, सुनरेने, स्वतः निवडलं होतं, आणि नवरा निवडताना घेतली नसेल एवढी काळजी घेऊन. ते चांगलं या कानापासून त्या कानापर्यंत हसत होतं. हसत नव्हता तो जोंगमान.

जोंगमान तसा गरीब गाय. हॉर्नसुद्धा माफी मागितल्यासारखा वाजवणारा. अर्धं आयुष्य त्याने तीन एक्सलच्या छोट्या डंपरवर काढलं, आणि वजनाचा विषय निघाला की एकच पाहिलं: एकूण भार किती. तो हद्दीत असला की झालं, अशी त्याची पक्की समजूत. मागच्या पानगळीत जुन्या पुलाच्या तोंडाशी रस्तेखात्याच्या माणसांनी गाडी अडवली, तेव्हाही तो खुशाल सिगारेट पेटवून उभा राहिला. एकूण वजन ठीकच निघालं. पण ओली खडी घाटात मागे सरकली होती, आणि सगळा बोजा शेवटच्या एक्सलवर बसला होता. अख्ख्या गाडीला चाळीस टनांची मुभा असली, तरी कुठल्याही एका एक्सलखाली दहापेक्षा जास्त चालत नाही, हे त्याला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं. तिथला माणूस समजूतदार होता. पूल काही अख्खी गाडी एकदम उचलत नाही, काका, चाकांची एकेक जोडी त्याच्या छातीवर पाय देऊन जाते, असं त्याने सांगितलं. जोंगमानच्या नावावर गुन्ह्याची नोंद झाली ती झालीच. त्यानंतर तो पुलावरून पायी जातानाही हळू चालायचा. गल्लीत त्यावरून कमी टिंगल झाली नाही.

यंदा जुनी गाडी मोडीत निघाली. खडीच्या खाणीच्या मुकादमाने, बांगने, निरोप धाडला की नव्या रस्त्याच्या कामाला मोठेच डंपर लागतील. मोठी गाडी आणशील तर तुझा नंबर लावतो, नाहीतर घरी बस. घरी बसायचं म्हणजे काय, हे जोंगमानला त्या दोन महिन्यांत कळून चुकलं होतं. सुनरे कोबी चिरायला बसली की हा शेजारी बसून सुरी धरायची कशी ते शिकवायचा. शेवटी तिनेच आपल्या धाकट्या भावाला, दाल्सूला, गाडी शोधायला लावलं.

दाल्सू स्वतः त्याच खाणीत डंपर चालवतो आणि त्याला जगात अवघड असं काही दिसत नाही. त्याने दलालाकडून पाच एक्सलचा डंपर शोधला, मधला एक्सल वर उचलता येणारा. सह्या व्हायच्या आधीच त्याने खाणीच्या आवारात पूजा ठरवली, ड्रायव्हरांना आवतणं दिली, माक्कॉली, म्हणजे तांदळाची दारू, मागवली. टायरांवर दारू शिंपडायची, दोऱ्यात गुंडाळलेला सुका मासा केबिनमध्ये टांगायचा, मुंडक्यापुढे वाकायचं, आणि मग कागद. आमच्याकडे गाडीची पूजा ठरली की गाडी घेतल्यातच जमा असते. माघार कुणी घेत नाही.

सगळे जमले. जोंगमान म्हणाला, आधी भरून तोलू.

दलालाने मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने आभाळाकडे. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? लोडरने नेहमीसारखी गच्च खडी भरली. गाडी काट्यावर गेली, एकेक एक्सल करत. एकूण वजन चाळीसच्या आत आलं. शेवटच्या एक्सलखाली मात्र बारा टन.

दलालाचा चेहरा जराही पडला नाही. त्याने केबिनमध्ये चढून सीटखालचं एक बटण फिरवलं. हवा फुसफुसली, उचललेला मधला एक्सल जमिनीवर जोराने दाबला गेला, आणि मागचा आकडा दहावर आला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. दाल्सू तर माक्कॉलीचं झाकण उघडायलाच लागला.

जोंगमानने किल्ली मागितली आणि, बटण आहे तसंच ठेवून, गाडी खाणीबाहेरच्या चढाला लावली. सगळे बघत होते. मधला एक्सल भार खात होता, त्यामुळे ओढणारी मागची चाकं हलकी पडली आणि मातीत नुसती गरगरायला लागली. गाडी अर्ध्यावरून मागे घसरली. त्याने ब्रेक दाबून धरला. बटण उलटं फिरवून मधला एक्सल उचलला, तशी गाडी मुकाट वर चढली, मागच्या एक्सलवर पुन्हा बारा टन घेऊन. आणि चढ संपतो तिथून जुना पूल लागतो.

तो खाली उतरला. दाल्सूने समजावलं की सगळे असंच करतात, चढाला उचलायचं, पुलाआधी दाबायचं, त्यात काय? जोंगमानने विचारलं, आणि दाबायचं राहिलं तर? त्यावर तिथल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. राहिलं होतं त्यांचं.

मग त्याने लोडरवाल्याला लोडरच्या दोन बादल्या खडी काढायला लावली. आता बटणाला हात न लावता गाडी चढही चढली आणि काट्यावरही सगळं बसलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. बांग मुकादम तेवढ्यासाठीच थांबला होता. अर्धपोटी गाडी मी कामावर घेत नाही, गाडी भरायचं काम माझं, तुझं फक्त चालवायचं, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं.

सही झाली नाही. मुंडकं फुकट गेलं नाही. ड्रायव्हरांनी ते कोळंबीच्या खारवणासोबत फस्त केलं. सुनरे भांडी घासत राहिली. घरी जाताना तिने एवढंच विचारलं, की उद्यापासून तुम्ही काय करणार. दाल्सूने पंधरा दिवस बहिणीच्या घरचा उंबरा ओलांडला नाही.

अजूनही जोंगमानला काम नाही. मध्यंतरी खाणीत माणसं कमी पडली, तेव्हा बांग मुकादम स्वतः गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात त्याच्या शेजारी गरम पाण्यात येऊन बसला. गाडी अजून विकली गेली नाही म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय ओकदादा, एवढे कसले घाबरता? बाकीचे चालवतातच ना?"

जोंगमानने तोंडावरून पाणी निपटलं आणि म्हणाला, "घाबरतोच मी. न घाबरणारे तुमच्याकडे आहेतच. दोन बादल्या कमी भरणार असाल त्या दिवशी मला बोलवा."