राणीची पाठ

बायको गेल्यावर लोक घरी येतात ते रडायला. शाळेच्या बाई आल्या त्या काम सांगायला. म्हणून त्या मला बऱ्या वाटल्या.

शाळा म्हैसूरच्या आमच्या अग्रहार भागातलीच, माझ्या टेलरिंगच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. बाई चामराजपुरमच्या, मराठी घरातल्या. पण त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि उरलेलं इंग्रजी. म्हणाल्या, "मामा, यंदा दसऱ्याचे गोंबे मुलंच करणार. प्रोजेक्ट आहे. सुतार लाकूडकाम दाखवणार, फुलवाली हार करायला शिकवणार. कपड्यांचं तुमच्याकडे."

मी चौथी नापास. म्हटलं, "बाई, शाळेनं मला एकदा घालवून दिलंय. आधी विचारून या, राग गेला का ते."

म्हैसूरला दसऱ्यात घराघरांत पायऱ्या रचून गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी. ती मुलीला लग्नात माहेरून मिळते. आम्ही मराठी असलो तरी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तेव्हा माझ्या बायकोनंही आणली होती. दरवर्षी ती जोडीला नवे कपडे घालायची. टेलरच्या घरात, टेलरला न विचारता. मी म्हणायचो, "राणीचं माप टाकून जा, शिवून देतो." ती म्हणायची, "तुमच्याकडे टाकलं तर राणी पुढच्या दसऱ्यापर्यंत चकरा मारेल."

ती उन्हाळ्यात गेली. वर्ष झाल्याशिवाय घरात सण नाही, त्यामुळे गोंब्यांची ट्रंक उघडायचं कारण नव्हतं. खरं सांगतो, मला कारण नकोच होतं. आत ती जोडी तिनं स्वतः जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. तिनं मारलेली ती शेवटची गाठ. मी सोडली की गेली.

तर मुलं बाहुल्या घेऊन दुकानात आली. त्यांनी सुताराकडे बसून राजा-राणी कोरले होते, रंगवले होते. दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी सगळ्यांच्या वतीनं बोलायची. इथली पोरं आजोबांना ताता म्हणतात, तशी तीही मला ताता म्हणाली आणि लगेच हुकूम सोडला, "ताता, राजाला मखमल पाहिजे."

मंडी मोहल्ल्यातून मखमल आणली. टेप लावून छाती, कंबर, उंची घेतली. राजाला बंद गळ्याचा कोट शिवला, अस्तरासकट. राणीला फुग्याच्या बाह्यांचं पोलकं. इस्त्री मारून ऐटीत शाळेत घेऊन गेलो.

कोट काही अंगात जाईना. राजा एकाच लाकडातून कोरलेला, हात अंगाला चिकटलेले. बाही घालायची कुठून?

"ताता," मुलगी म्हणाली, "त्याला हात वर करायला सांगा ना."

सगळा वर्ग हसत सुटला. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

जन्मभर मी जिवंत माणसांची मापं घेतली. 'हात वर' म्हटलं की माणूस हात वर करतो. राजाला तेवढं म्हणायचं राहिलं होतं.

"आजी कसे घालायची कपडे?" मुलीनं विचारलं. मापं घेताना मी पोरांना बायकोच्या जोडीचं, ट्रंकेचं सांगितलं होतं.

"मला काय माहीत?"

"तुमच्याच घरात ना? बघितलं नाही?"

"बघितलं की. समोरून."

"मग ट्रंक उघडून बघा."

"नाही उघडणार. तिनं बांधून ठेवलंय."

तिनं कोट राजाच्या अंगावर धरून बघितला. मग हळूच म्हणाली, "सोमवारी मांडायचंय. आमचाच राजा उघडा बसणार." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी जीभ तिखट आहे, पण एवढीशी पोर रडायला लागली की सगळा तिखटपणा उतरतो.

दुपारी घरी येऊन ट्रंक ओढली. गाठ दातानं सोडवावी लागली, इतकी घट्ट. लुगडं उलगडलं. राणी समोरून अशी नटलेली की पाया पडावं. उचलून उलटी केली.

पाठ उघडी! नुसतं लाल लाकूड. पोलक्याला बाह्याच नाहीत, जरीचे काठ खळीनं हातावर चिकटवलेले. पदर पुढून चुणून मागं कच्च्या दोऱ्यानं बांधलेला. राजाचा कोटही पुढच्या पुढं. आणि ती जांभळी मखमल तर माझ्याच दुकानातली. त्या तुकड्यापायी मी एक अख्खा पावसाळा उंदरांना शिव्या घातल्या होत्या, आणि ही बाई शेजारी बसून म्हणायची, "फार माजलेत हो उंदीर."

मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग बराच वेळ राणी मांडीवर घेऊन बसलो.

जोडी लुगड्यासकट शाळेत नेली. मुलीनं राणी फिरवून पाहिली. "अय्यो! आजीनं चीटिंग केलं!"

"वर्षानुवर्षं," मी म्हटलं. "टेलरच्या नाकासमोर."

मग कात्री घेतली आणि माझ्या त्या सुंदर कोटाची पाठ माझ्याच हातानं कापून काढली. बाह्या उसवून पोरांनी खळीनं चिकटवल्या. कॉलरला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी मांडणी झाली. एक पालक बाई राजाजवळ जाऊन म्हणाल्या, "फिटिंग काय आहे! टेलरचा हात लगेच कळतो."

"लांबून बघा बाई," मी म्हटलं. "मागं जाऊ नका, राजा लाजतो."

आमची जोडी मी मांडू दिली नाही. वर्ष व्हायचंय अजून. मुलीनंच ती पुन्हा लुगड्यात गुंडाळली, जीभ बाहेर काढून गाठ मारली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी हिला नवे कपडे?"

"हो."

"तुम्ही शिवणार?"

"तू शीव. मला पाठ सोडून शिवायला जमत नाही."

घरी आल्यावर पाहिलं, गाठ वाकडी होती, सैलही. हात शिवशिवला. तशीच ट्रंकेत ठेवली.