वडीलधाऱ्यांना थांबवण्याची शिकवणी

आज मी जो काही आहे तो दिल्लीतल्या द्वारकेच्या आत्यांमुळे, आणि त्यांच्याइतक्या कमी शब्दांत जगाला ताळ्यावर आणणारी बाई उत्तर भारतात दुसरी झाली नसेल. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, वडिलांच्या मित्राच्या बहीण. उभा जन्म विमानतळाच्या नियंत्रण कक्षात विमानांना वर-खाली, पुढे-मागे करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आकाश हातातून गेलं, तेव्हा त्यांनी जमिनीवरची वाहतूक हातात घेतली.

वैमानिकाला सूचना दिली की त्यानं ती परत म्हणून दाखवायची असते. ऐकण्यात चूक झाली तर तिथल्या तिथं कळते. आत्या हा नियम भाजीवाल्याला लावत. तो "हाँ जी, हाँ जी" करू लागला की त्या कडाडत, "हाँ जी क्या? दोहराओ!" मग तो बिचारा गल्लीत उभा राहून खणखणीत म्हणे, "आधा किलो भिंडी, पाव भर अदरक, धनिया मुफ़्त." एकदा त्यानं धनिया गाळला, तर त्याला पुन्हा भेंडीपासून सुरुवात करावी लागली.

मोठं विमान गेलं की मागे हवेचे भोवरे उरतात आणि मागचं छोटं विमान त्यात हेलकावे खातं, म्हणून दोघांत अंतर ठेवतात. हे शास्त्र आत्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेला लावलं. आमचे चिटणीस अंगानं भरभक्कम. त्यांच्यामागे कुणी किडकिडीत माणूस आला की आत्या हातातला डाव आडवा धरून त्याला रोखत. "दोन मिनिटं!" आपल्यामागे कुणीच का उभं राहत नाही, हे चिटणीसांना कळेना. शेवटी ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यार, खरं सांग, मला घामाचा वास येतो का?"

मीही याच नोकरीत लागलो होतो, पण रडारसमोर एकट्यानं बसायच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो असतो तर माझी रवानगी फायलींच्या खोलीत होणार होती. माझे वडील हमाल. मी घरातला पहिला पदवीधर. मोठ्यांपुढे उभं राहून अदबीनं बोलायचं, एवढं आमच्या तालुक्याच्या शाळेनं पक्कं शिकवलं होतं. त्यामुळे मी वैमानिकांनाही म्हणायचो, सर, आपल्याला जमत असेल तर कृपया थोडं खाली याल का?

"तो काय जावई आहे?" आत्या म्हणाल्या. "तुझं वाक्य संपेपर्यंत तो पानिपतहून सोनिपतला पोचतो. आणि मागचे चार जण बोलायला ताटकळलेत."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाभोवती शिकवणी सुरू झाली. आत्यांचे यजमान, म्हणजे काका, विमान झाले. हातात कुकर धरून ते टेबलाला घिरट्या घालत आणि मी त्यांना एका शब्दात थांबवायचं, वळवायचं, ओट्यावर उतरवायचं. पण सत्तरीच्या माणसाला 'थांबा' म्हणायला माझी जीभ उचलेना. नऊ फेऱ्या झाल्या.

"अरे बाबा, उतरव मला! गुडघे गेले!"

"काका, आपली हरकत नसेल तर..."

"त्यांचं इंधन संपतंय," आत्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तू हरकत विचारतोयस. वडीलधाऱ्याला वेळेवर थांबवणं हासुद्धा मानच असतो. चलो, पुन्हा."

पुढं आत्या-काका मुलीकडे नागपूरला गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मी पत्र पाठवलं:

"ती. आत्या, सा. न.
पास झालो. परीक्षेच्या संध्याकाळी धुळीची आंधी आली. एक वयस्कर कॅप्टन उतरायच्या बेतात होते. मी त्यांना उतरू न देता परत वर पाठवलं, दोन शब्दांत. त्यांनी सूचना जशीच्या तशी परत म्हटली आणि गेले. रागावले असतील, असं रात्रभर वाटत राहिलं.
पुढच्या महिन्यात बाबा पहिल्यांदा विमानानं दिल्लीला येतायत. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. ते वर असताना माझा आवाज ठीक राहील असं वाटत नाही. तुमचं कुणी वर असताना तुम्ही कधी रडारसमोरच्या खुर्चीत बसला होतात का?"