तांबड्या शाईतलं उत्तर

मास्तरांनी मला लिहायला शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी माझ्याशी जे केलं तेही मी विसरलेलो नाही, आणि विसरणार नाही.

आम्ही नागपूरचे कोष्टी. माझी शाळा संपली, मास्तरांची बदली भंडाऱ्याला झाली, तरी मी त्यांना पत्रं लिहीत राहिलो. त्यांची एक रीत होती. माझंच पत्र तांबड्या शाईनं दुरुस्त करून ते परत पाठवायचे. खाली बहुतेक वेळा एकच शेरा असायचा, "खोटं वाटतं. पुन्हा लिही." मी मुकाट्यानं पुन्हा लिहायचो.

एकदा मी मायबद्दल लिहिलं. तिची नजर गेली होती, तरी बापाच्या हातमागासाठी ती दिवसभर चाचपत कांड्यांवर सूत भरायची. ते पत्र तीनदा परत आलं. चौथ्यांदा पाठवलं ते मात्र आलंच नाही.

सहा महिन्यांनी सीताबर्डीच्या वाचनालयात एक मासिक चाळत होतो. त्यात माझी माय होती, आणि खाली मास्तरांचं नाव. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यात वर या गृहस्थानं तिला मागावर बसवलं होतं. आमच्या घरी मागावर बसायचा तो बाप. मायला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे कोन बाई होय गा? मी तं मागावर कधी बसलीच नाही."

त्याच दिवशी ती तिन्ही पत्रं घेऊन मी संपादकांकडे गेलो. काळं अक्षर माझं, तांबडं मास्तरांचं. माझ्या बाजूचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हातानं तयार करून मला पोस्टानं धाडला होता. पुढच्या अंकात लेख माझ्या नावानं आला, सोबत संपादकांचा खुलासा. भंडाऱ्यात मास्तरांची छी थू झाली म्हणे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मास्तरांचं चार पानी पत्र आलं. मोह झाला, मोठ्या मनानं क्षमा कर, असं होतं त्यात. मी इतवारीत जाऊन तांबड्या शाईची दौत आणली. एकही ओळ सोडली नाही. शेवटी लिहिलं, "खोटं वाटतं. पुन्हा लिहा." आणि परत पाठवलं.

आठ दिवसांनी त्यांनी खरंच पुन्हा लिहून पाठवलं. पाकीट पहिल्यापेक्षा जाड होतं. ते मी अजून फोडलेलं नाही.