टेबलाजवळची खाट

लहान मुलांच्या वॉर्डात आम्हा नर्सांचं टेबल मधोमध होतं. सत्तरच्या दशकातला सरकारी दवाखाना. मुलं पुष्कळ आणि आम्ही मोजक्या. म्हणून ज्या मुलाचा भरवसा नाही ते टेबलाला लागून असलेल्या खाटेवर ठेवायचं, म्हणजे मान वर केली की दिसायचं. ड्यूटी बदलताना "टेबलाजवळचं बघ" एवढं म्हटलं की पुढचीला सगळं कळायचं. या सोयीचं आम्हाला भारी कौतुक होतं.

पण डोळे मुलांच्या आयांनाही होते. त्या खाटेवरची मुलं जास्त जातात, हे त्यांनी केव्हाच टिपलं होतं. ती जास्त आजारी असतात म्हणून जातात, हे मी मराठीत, कन्नडात, मोडक्या दखनीत सांगून थकले. त्यांच्या मते दोष खाटेचाच.

मुडबीची एक बाई तान्ही लेक घेऊन आली. न्यूमोनिया. बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. मी पोरीला टेबलाजवळ ठेवलं, तशी आईनं माझा हात धरला. "अक्का, तिथं नगं." आम्हाला दिसायला नको का, म्हणून मी हात सोडवून घेतला.

दुपारी मी घरी गेले आणि आयांनी आपसांत खाटा बदलल्या. भिंतीकडचं एक तान्हं बरं होत आलं होतं. त्याच्या आईला कसली भीती? उद्या घरी जायचं होतं, आणि पंखा टेबलावरच होता. दुपारची नर्स रजेवरून आलेली, तिनं मुलीला पाहिलंच नव्हतं. ती टेबलाजवळच्या बाळाचे श्वास पुन्हा पुन्हा मोजत राहिली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुधारतंय म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. संध्याकाळी इंजेक्शन द्यायला ती भिंतीपाशी पोचली, तेव्हा मुलगी गार पडली होती.

सकाळी आई व्हरांड्यात गावी जायच्या गाडीची वाट बघत होती, मांडीवर लेक घेऊन. मला तिचा राग आला होता, आमच्या सोयीचाही, आणि रडू तर आवरत नव्हतं. शेजारी बसून मी विचारलं, का हलवलंस तिला? ती भांडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हलवायलाच उशीर झाला, अक्का. एकदा पाठ टेकली व्हती की तिची तिथं."