मल्हारीला रिंगणाबाहेर काढणारे नाना

सुभेदार हणमंतराव फडतरे, म्हणजे आमचे नाना, पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गौरवग्रंथात गोड लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी तसं बजावलंही आहे. पण माझं पित्त खवळलेलं आहे, तेव्हा जमेल तेवढंच गोड लिहितो.

नानांची माझी पहिली गाठ वडूजला पडली. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी माळावर पत्र्याचं शेड टाकलं होतं आणि तिथं ते पोरांना बॉक्सिंग शिकवत. मी विट्याच्या तालमीतला गडी. आत शिरलो, शड्डू ठोकला आणि ऐटीत उभा राहिलो. नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मांडी नगं बडवू रं गड्या, तिथं कोन मारत न्हाई. हनुवटी झाक." तेवढ्यात त्यांच्या एका काटकुळ्या शिष्यानं माझ्या हनुवटीवर ठोसा ठेवून दिला. त्या दिवसापासून मी नानांचा झालो. आज शाळेत खेळ शिकवतो, तो त्यांच्याच शिकवणीच्या जोरावर.

अलीकडे सगळ्यांना एकच ध्यास लागलाय, हेवीवेट पाहिजे! मोठमोठ्या शहरांतली माणसं गाड्या घेऊन येतात आणि साताऱ्या-सांगलीच्या तालमी पालथ्या घालतात. थोराड पोरगं दिसलं की वजनकाट्यावर उभं करायचं, फोटो काढायचा आणि 'उद्याचा महान बॉक्सर' म्हणून मोकळं व्हायचं. पोराला अजून हात वर धरायचे माहीत नसतात! नाना एकदा त्यांना तोंडावर म्हणाले, "आवं, पोरं हायती का उसाच्या ट्रॉल्या, काट्यावर घालायला?"

मल्हारीला नानांनी हेरलं ते रहिमतपूरच्या बाजारात. मेंढपाळाचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत न मावणारा. एक बिथरलेला एडका त्याच्या अंगावर धावून आला. हा पळाला नाही. अंग चोरून अर्धं पाऊल बाजूला झाला आणि एडका पुढं निघून गेला. एवढ्या धिप्पाड देहाला एवढे हलके पाय! नाना तिथंच त्याच्या आईशी बोलायला बसले. पुढं बराच काळ त्यांनी त्याला नुसतं घडवलं. स्वतःच्या घरातलं दूध-अंडी त्याला घातली. लोक विचारायचे, "नाना, कवा लढवताय?" नाना म्हणायचे, "हाडं भरू द्या आदी."

शेवटी एका गावच्या जत्रा कमिटीनं गळ घातली. फेऱ्या होतील, पंच असतील, डॉक्टर असेल, असा शब्द दिला. नानांनी विश्वास ठेवला. आणि ऐन मैदानात निवेदक गरजला, "ही लढत निकाली!" अरे, निकाली काय? कुस्ती आहे का ती? कुस्तीत पाठ लागली की गडी उठून माती झटकतो. बॉक्सिंगमध्ये एकजण पडेपर्यंत मारत राहायचं म्हणजे काय होतं, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? नाना हरकत घेईपर्यंत घंटा वाजली होती, आणि ती पुन्हा वाजलीच नाही.

सुरुवातीला मल्हारी भारी पडत होता. पण फेरी संपेना, विसावा मिळेना. दमला, हात खाली आले आणि कानशिलावर ठोसा बसला. तो उभाच होता, म्हणून लोक शिट्ट्या मारत होते. नानांना मात्र त्याचे डोळे दिसले. दोर ओलांडून ते आत शिरले, मल्हारीला कवेत धरलं आणि बाहेर आणलं. लोकांनी चपला फेकल्या. 'म्हातारं भ्यालं', 'हिऱ्याची माती केली', काय काय बोलले! त्यातले काहीजण या गौरव समितीत आहेत. नावं घेत नाही, त्यांची त्यांना ठाऊक आहेत.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झालाय, आणखी एक ठोसा बसता तर पोर हाती लागलं नसतं. ऑपरेशन होईपर्यंत नाना बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. मल्हारी वाचला, पण त्याचं लढणं कायमचं बंद झालं. आता तो नानांच्या शेडमध्ये नवख्यांना पाय कसे टाकायचे ते शिकवतो. त्याला घरी नेताना त्याच्या आईनं नवं घोंगडं नानांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "नाना, लोकास्नी बॉक्सर पायजे हुता. मला माजं प्वार पायजे हुतं." नाना ढसाढसा रडले. माझ्या मते नानांचा सत्कार त्याच दिवशी झाला.

आता समितीचा प्रताप ऐका. सत्काराच्या दिवशी, नानांच्या सन्मानार्थ म्हणून, यांनी ठरवलीय मल्हारीची निकाली लढत! मी जाब विचारला तर म्हणे, "आवं सर, नुसतं दाखवायपुरतं. गर्दी हुईल." लाज कशी वाटत नाही? मल्हारीही भोळा, नानांसाठी म्हणून तयार झालाय. नानांना कळलं तेव्हा त्यांनी बाह्या सावरल्या. "मल्हारीला कुनी हात लावायचा न्हाई. लयच हौस आसंल तर माज्यासंगं लावा निकाली." हे हसण्यावारी नेऊ नका. नाना खरंच उतरतील.

नाना शंभरी गाठोत, त्यांचा दम आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. समितीतल्या मंडळींनो, तुम्हीही हेच लिहिणार आहात, हार-नारळ घेऊन येणार आहात. जरूर या. पण आधी ती लढत रद्द करा. गुरूला आयुष्य चिंतायचं आणि त्याच्या पोराचं आयुष्य गर्दीसाठी पणाला लावायचं, याला सत्कार म्हणत नाहीत. आणि रद्द केली नाहीत, तर त्या दिवशी मल्हारीच्या आधी रिंगणात नाना उभे असतील, आणि नानांच्या आधी मी.