मामांची गाडी का थरथरायची

खून, दरोडे, अपहरणं असे तपास मी पुष्कळ केले. पण कोणी जुन्या गोष्टी सांगायचा आग्रह धरला, की मी हटकून आमच्याच गाडीचा तपास सांगतो. तो आठवला की हसू येतं आणि जरा गलबलूनही येतं.

तेव्हा मी शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याची गाडी एक ज्येष्ठ हवालदार चालवायचे. सगळं ठाणं त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. घराणं मूळचं मेंढपाळांचं, आता बागायत शेती, दावणीला बैलजोडी. गाडीवर त्यांचा भारी जीव. सीटवर कोणी बूट ठेवला, की तो आरोपी असो नाहीतर फौजदार, मामा खडसावल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्या गाडीला एक रोग जडला. वेगात असताना ब्रेक दाबला, की स्टेअरिंग थडथड हलायचं आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क बदलल्या, की गाडी बरी व्हायची. थोडे दिवस गेले, की पुन्हा येरे माझ्या मागल्या! एकदा कुरकुंभचा बंदोबस्त आटोपून येताना उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. मामांनी ब्रेक मारला, गाडी हिसडली आणि मागे बसलेल्या शिपायाचं डोकं काचेवर आपटलं. प्रकरण वर गेलं. दोष वाहनात आहे की चालकात, अशी विचारणा आली. चालकात असेल तर त्याला गाडीवरून काढून मुख्यालयात गार्ड ड्यूटीला पाठवायचं होतं. मामांची निवृत्ती तोंडावर आलेली. सगळी नोकरी चाकामागे गेली आणि जाताना कपाळी हा बट्टा!

"साहेब, माझ्या हातात खोट असंल तर किल्ली आत्ताच घ्या," मामा म्हणाले. "पर थरथरती ती गाडी हाय, मी न्हाई."

माझा पहिला संशय गॅरेजवर. मी तापट माणूस. केडगावकडच्या त्या मिस्त्रीला जाऊन सरळच विचारलं, "काय हो, जुना माल घासूनपुसून आमच्या गळ्यात मारता काय?" तो काही घाबरला नाही. चाक उघडून त्याने डिस्कला घड्याळासारखं मोजायचं यंत्र टेकवलं आणि डिस्क फिरवली. काटा नाचू लागला.

"बसवली तवा सरळ व्हती, साहेब. मी तुमच्या माणसांसमोर मोजून दिली व्हती. तापलेलं लोखंड एकदम गार झालं की असं वाकतं. गाडी पाण्याबिण्यात घालता का?"

"पाऊस संपून किती दिवस झाले! आम्ही काय गाडी घेऊन मासे धरायला जातो?" असं म्हणून मी तणतणत परत आलो.

खबर मिळाली ती ठाण्यातूनच. आमच्या ठाणे अंमलदार बाई दार लोटून आत आल्या. "साहेब, रागवू नका. मामा लेकीच्या लग्नासाठी बरेच दिवस रजेवर होते ना, तेव्हा नवीनच डिस्क बसवल्या होत्या. बदली चालकानं तीच गाडी, त्याच रस्त्यानं चालवली, पण एकदाही थरथरली नाही. मामा हजर झाले आणि पुन्हा सुरू झालं."

माझं तोंड कडू झालं. म्हणजे बोट मामांकडेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खोलीत बोलावून खुर्ची दिली. चौकशीची माझी एक पद्धत होती. 'तू केलंस का' असं विचारायचं नाही. माणसाला त्याचा दिवस सांगायला लावायचा आणि मध्ये तोंड घालायचं नाही.

"मामा, बंदोबस्तावरून आलात की काय काय करता? सगळं सांगा, बारीकसारीकसुद्धा."

"काय करायचं, साहेब? गाडी लावतो. किलोमीटरची नोंद करतो. किल्ली अंमलदार बाईंकडं देतो. मग चहा."

"लगेच चहा?"

"लगीच कसा? आदी तिच्या चाकांवर पाणी मारतो की! चांगलं नळी लावून."

"आल्या आल्या?"

"व्हय. बैल रानातून आला की आपण पायावर पाणी घालतोच की, साहेब. तो दमल्याला असतो. ही तर ट्रॉल्यांच्या मागं ब्रेक मारीत मारीत येती. चाकाला हात लावला तर चटका बसतो. पाणी पडलं की कसं चर्र करतं! मला वाटतं, तिला बरं वाटत असंल."

मी कपाळावर हात मारून घेतला. गुन्हेगार मिळाला होता आणि त्याला ओरडायला माझी जीभ उचलत नव्हती. मी समजावून सांगितलं, तसा मामांचा चेहरा उतरला.

"म्हंजी मीच तिला आजारी पाडीत व्हतो?" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

नव्या डिस्क बसवल्या. पाणी बंद केलं. उसाचा हंगाम संपेपर्यंत मामांनी गाडी त्याच रस्त्यांवर पळवली, स्टेअरिंग जरासुद्धा हललं नाही. मी अहवालात खरं तेच लिहिलं: चालकाने वाहनाची गरजेपेक्षा जास्त काळजी घेतल्याने बिघाड झाला, हेतू चांगला, दोष दूर केला आहे. वरचे साहेब फोनवर खो खो हसले आणि म्हणाले, "राहू दे तुझ्या मामांना गाडीवरच."

आम्हा पोलिसांना माणसाच्या खोडी शोधायची सवय. दारू पितो का, डुलकी घेतो का, पैसे खातो का. मामांनी काहीच लपवलं नव्हतं. पण चांगलं काम कोणी कबुलीजबाबात सांगत नाही, ते मुद्दाम विचारावं लागतं. पुढे कुठल्याही तपासात मी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहिलो नाही: तुम्ही कोणाचं भलं करायला गेला होतात?

त्या दिवशी फोन ठेवून निर्णय सांगायला मी बाहेर आलो तेव्हा मामा गाडीशेजारी उभे होते. सांगितलं. त्यांनी टोपी नीट केली, आत बसले आणि माझ्या बाजूचं दार आतून उघडलं.

"बसा, साहेब."

"कुठे जायचंय?"

"कुठंच न्हाई," मामा म्हणाले. "तरी बसा."

मी बसलो.